ताईचा डिंक

॥ श्री ॥

आगाशी, ता. वसई, जि. ठाणे
२ नोव्हेंबर १९९८

ती. सौ. सुभद्रावन्सं यांस,
सौ. विनयाचा शि. सा. न. वि. वि.

तुमचं पार्सल भाऊबीज उलटून आठवड्याने पोचलं. पोस्टमनने ते थेट ह्यांच्याच हातात दिलं, त्यामुळे मला आधी उघडून बघायची सोय राहिली नाही. ह्यांनी अंगणातच सुतळी तोडली, डिंकाचा एक खडा उन्हात धरला आणि मला हाका मारमारून दाखवला. ताईने जसे काही मोतीच धाडले होते! मी तीन दिवस खपून केलेला फराळ काही कोणी उन्हात धरून बघितला नाही.

डिंक मात्र फारच छान आहे, खोटं कशाला बोलू. तुपात पडल्याबरोबर टरारून फुलला. खारीक, सुकं खोबरं आणि गूळ घालून डबाभर लाडू वळले आणि ह्यांना रोज सकाळी दोन देते. तुमच्या चिठ्ठीत पाण्यात भिजत घालण्याबद्दल काही लिहिलं होतं, पण डिंक कसा खायचा ते मला कोणी सांगायला नको. सिद्धेशच्या वेळी तुम्हीच महिनाभर माझ्या तोंडात लाडू कोंबले होते, ते विसरलात का?

ह्यांचं ब्लडप्रेशर आहे तिथेच आहे. मागच्या आठवड्यात डॉ. प्लासिड यांनी पाहिलं तेव्हा एकशेसाठ-शंभर होतं. गोळी चालू आहे. मामंजी वाडीत पाणी सोडता सोडता पडले आणि पुन्हा उठले नाहीत, त्या वयाला हे आता पोचतील. तुम्ही तेव्हा इथेच होतात, तुम्हाला वेगळं काय सांगायचं? म्हणून घरात मीठ बंद आहे, पौषात दोन वर्षं होतील. सुकट नाही, बोंबील नाही, पापड नाही. अर्णाळ्याची कोळीण आता आमच्या दारावरून हाक न देता जाते. सिद्धेश स्वतःपुरतं मीठ बरणीतून वरून घेतो.

वाडीत राजेळी केळी उतरायला आली आहेत. मांडवावर उन्हात सुकेळी घालायला घेतली की तुमचा डबा पाठवते.

भावोजींना नमस्कार. तुमचा आमच्यावर लोभ आहेच, फक्त तो एका माणसाच्या नावावरच सगळा पाठवू नये.

तुमची,
विनया

---

धारणी, जि. अमरावती
१६ नोव्हेंबर १९९८

चि. सौ. विनया हिस,
अ. उ. आ. वि. वि.

पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. अगं बये, माझ्या भावाला ब्लडप्रेशर आहे, तो बाळंत झालेला नाही! तूप, गूळ, खोबरं घालून रोज दोन लाडू चारलेस तर पोट सुटेल नाहीतर काय होईल? उरलेले लाडू सिद्धेशला दे आणि डिंकाचा डबा नीट बंद कर.

आता मी सांगते तसं कर. धावड्याचा डिंक आहे हा, इथल्या जंगलातला. आमच्या ह्यांच्या वनखात्याच्या डेपोत येतो, त्यातले चांगले मधासारखे खडे मी बसून निवडले. लहान चमचाभर डिंक कुटून रात्री पेलाभर पाण्यात भिजत घाल. सकाळी काटकचरा गाळून पातळ ताकातून दे. ताकात मीठ नको. इथे तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डिंक म्हणजे एक तऱ्हेचा चोथाच, पोटात जाऊन फुगतो आणि रक्तदाब उतरायला त्याचा हातभार लागतो. मी तिथे कशाला गेले होते ते विचारू नकोस, शिबिर होतं, सगळ्याच बायका गेल्या होत्या.

तुला माझ्या पार्सलाचा राग आला ते अक्षरा-अक्षरातून दिसतं. येऊ दे. तुझ्या वाट्याला काय आलंय ते एकदा मोजून बघ. माझं माहेर तुझं घर झालं. आईचा सुकेळीचा मांडव तुझ्या ताब्यात, विहिरीवरचं जांभाचं झाड तुझं आणि भाऊसुद्धा तुझाच. आई गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता, माझ्या हातचं जेवून वाढला. मी भाऊबीजेला इथे चंद्राला ओवाळलं. एवढ्या लांबून एक डिंकाचा डबा पाठवला तर तेवढंही तुला खुपावं?

आणि हो, मागच्या वर्षीची सुकेळी चिवट होती. आईची बोटाने तुटायची. एक ऊन जास्त देतेस तू.

सिद्धेशला आशीर्वाद. माझा लोभ दोघांवरही सारखाच आहे असं समज, मीही तसंच समजते आहे.

तुझी,
सुभद्राताई

---

आगाशी
२० जानेवारी १९९९

ती. सौ. सुभद्रावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तिळगूळ पाठवला आहे, मिळाला असेल. गोड बोलायचा सण होऊन गेला, तेव्हा आता मनातलं लिहायला हरकत नाही.

तुमच्या सांगण्याप्रमाणे डिंक भिजवून देते आहे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी डॉ. प्लासिडकडे जाऊन आलो. एकशेअडतीस-अठ्ठ्याऐंशी! मी खुर्चीत बसल्या बसल्या देवाला हात जोडले. डॉक्टरांना मी डिंकाचं सगळं सांगितलं. ते म्हणाले की नेमाने गोळी चालू आहे, मीठ सुटलं आहे, लाडू बंद झाल्यावर वजनही उतरलं, त्यात डिंकाचाही थोडाफार हात असेल, घ्यायला हरकत नाही. मात्र डिंक आणि गोळी यांच्यात दोन तास तरी जाऊ द्या, नाहीतर तो घट्ट चोथा गोळीला धरून ठेवतो आणि ती अंगी लागत नाही. एवढं सगळं डॉक्टर बोलले आणि तुमच्या बंधूंनी त्यातला डिंक तेवढा ऐकला.

आता गावभर एकच चर्चा. देवळाच्या पारावर बसून हे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आमच्या ताईने मेळघाटातून डिंक धाडला आणि प्रेशर झटक्यात खाली आलं. शेजारची सालोमी परवा वाटी घेऊन आली आणि ताईचा डिंक उरला आहे का म्हणून विचारू लागली. तिच्या सासऱ्यांना हवा होता. बाजारात भाजीवाला विचारतो. दोन वर्षं मी कोकम घालू की लिंबू पिळू, लसणीची पात घालू की कैरी किसू, करत अळणी भाजीला चव आणते आहे, तिला कोणी 'विनयाची भाजी' म्हणून नाव दिलेलं नाही. डिंकाला मात्र बारसं होऊन नाव मिळालं.

मला वाईट वाटलं, वन्सं. राग आला असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे वाईटच वाटलं. रात्री ह्यांना तसं बोलून दाखवलं तर हे म्हणाले की तू तर घरचीच आहेस. म्हणजे घरच्या माणसाचं काही मोजायचंच नाही.

या वेळची सुकेळी एक ऊन कमी दिलेली आहेत. खाऊन बघा आणि तरी चिवट लागली तर दातांच्या डॉक्टरांना दाखवा.

लोभाची वाटणी कशी झाली आहे ते गाव जाणतं, तरी माझ्या वाट्याचा राखून ठेवावा.

विनया

---

धारणी
८ फेब्रुवारी १९९९

चि. सौ. विनया हिस,
अ. उ. आ. वि. वि.

तुझं पत्र वाचून पोट भरलं. एकशेअडतीस! मी ते आमच्या ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं, शेजारी वाचून दाखवलं. पारावरचा भाग तर दोनदा वाचला. तुला वाईट वाटलं हे खरं, पण माझ्या वाट्याला इतक्या वर्षांत माहेरून एवढं कौतुक पहिल्यांदाच आलं आहे, ते मी अर्धं करून तुला देणार नाही. रागाव हवं तर.

आता माझं ऐक. चैत्रात प्रल्हादला माझ्याकडे पाठवून दे. दीड-दोन महिने राहू दे. तुझं सुकेळीचं काम तू आणि सिद्धेश उरकाल, ते काही त्याच्यावाचून अडत नाही. इथे ताजा डिंक आहे, सकाळी फिरायला जंगलाची वाट आहे, डोक्याला वाडीचा घोर नाही. मी त्याच्याकडे नीट बघेन. तुझं ते सोवळ्यासारखं अळणी अळणी ऐकून मला त्याची कीव येते. डिंक पोटात असला की चिमूटभर मिठाने काही बिघडत नाही, माझा अनुभव आहे. माणसाने जेवायला बसावं तर दोन घास आवडीचे नकोत का?

नाही म्हणू नकोस. तुझ्याकडे तो बारा महिने असतो. मला एक ऋतू दे.

सुकेळी पोचली. बरी आहेत. 'बरी' म्हणजे आईची आठवण येण्याइतकी बरी आहेत, आता खूश?

लोभ वाढव किंवा आहे तेवढा ठेव, भावाला मात्र पाठव.

सुभद्राताई

---

आगाशी
१५ मार्च १९९९

ती. सौ. सुभद्रावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

पाठवते आहे. पाडवा करून निघतील. बडनेऱ्याला उतरून परतवाड्यामार्गे एस.टी.ने येतील, भावोजींना स्टँडवर पाठवावं.

मी नाहीच म्हणणार होते. पण तुमचं पत्र ह्यांनी वाचलं आणि तेव्हापासून चालीत फरक पडला आहे. विरारला जाऊन नवी बॅग आणली. केस कापून आले. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या माहेरी जायचं म्हणून ह्यांनी कधी बॅग घेतलेली मला आठवत नाही, तिथे पिशवीवर भागतं. मी कपडे घड्या करून भरत होते तेव्हा हे तुमच्या हातच्या भरल्या वांग्यांबद्दल बोलत होते. मी एक सदरा मुद्दाम बिनबटणांचा ठेवणार होते, मग ठेवला नाही. बटण लावून दिलं.

तुम्ही चिमूटभर मिठाचं लिहिलंत, त्याचं आधी बोलते. मी हात जोडून सांगते, तुमचा अनुभव कसला असेल तो असो, ह्यांच्यावर नको. जेवण अळणीच हवं. सकाळी चहा-भाकरीनंतर गोळी. मग दोन तासांनी डिंक. हे गोळी विसरत नाहीत, टाळतात. बरं वाटायला लागलं की ह्यांना वाटतं औषधाचं काम संपलं. तेव्हा विचारावंच लागतं, घेतली का म्हणून. दोन महिन्यांच्या गोळ्या बॅगेच्या आतल्या कप्प्यात आहेत. पोचल्यावर पहिल्याच पत्रात गोळ्यांचं कळवा.

तुमच्याकडे पाठवते आहे तो नुसता भाऊ नाही, हे मी सांगायला नको. मागे मी इथे एकटी असेन.

लोभ असू द्या, आणि त्यापेक्षा लक्ष असू द्या.

विनया

---

धारणी
५ एप्रिल १९९९

चि. सौ. विनया हिस,
अ. उ. आ. वि. वि.

भाऊ सुखरूप पोचला, हे तुला एव्हाना त्याच्या कार्डावरून कळलंच असेल. दोन ओळींचं कार्ड पाठवलंन म्हणून रुसू नकोस, त्याला इथे वेळच कुठे आहे?

पहाटे आमच्या ह्यांच्याबरोबर डेपोपर्यंत चालून येतो. आल्यावर डिंकाचं ताक. मग माझ्याजवळ स्वयंपाकघरात पाट घेऊन बसतो आणि आम्ही आईच्या गोष्टी काढतो. त्याला ज्या आठवत नाहीत त्या मी सांगते, मला आठवत नाहीत त्या तो रचून सांगतो. रविवारी मी त्याच्या डोक्याला तेल लावून दिलं, बसल्या जागी झोपून गेला. चेहऱ्यावर तजेला आला आहे. इथले लोक म्हणतात बहीण-भाऊ जुळे दिसता. तुझी आठवण काढत नाही असं नाही, काढतो अधूनमधून.

त्याला मी मेअखेरपर्यंत सोडणार नाही. तू घाई करू नकोस. उन्हाचा त्रास म्हणशील तर आमच्या घराला कौलं आहेत आणि मागे कडुनिंब आहे.

तुझं एकटीचं काय चाललं आहे? दोघांपुरतं रांधायचं म्हणजे तुला मोकळा वेळ मिळत असेल. सुकेळी होतील छान.

लोभ म्हणतात तो हाच, आता तुला पटेल.

सुभद्राताई

---

आगाशी
१४ एप्रिल १९९९

ती. सौ. सुभद्रावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र दोनदा उलटून पाहिलं, पाठीमागे काही लिहिलंय का म्हणून. गोळीबद्दल एक अक्षर नाही. तेल लावलंत, गोष्टी सांगितल्यात, जुळे दिसता हेही कळवलंत. माझ्या एकाच प्रश्नाचं उत्तर तेवढं राहिलं. जेवणात मीठ घालता की नाही तेही लिहिलं नाहीत.

डेपोतला फोन सालोमीच्या घरून लावायचा प्रयत्न केला, लागत नाही. मी रोज काय काय मनात आणते ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. मामंजींना उचलून आणलं होतं तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. गोळी सुटली आणि काही झालं, तर तुम्ही रडाल आणि चार दिवसांनी तुमचं घर तुम्हाला असेल. माझं काय राहील?

मला तुमचा हेवा वाटतो. आता लिहूनच टाकते. लग्न होऊन आले त्या दिवसापासून वाटतो. आमटी केली की ह्यांना ताईची आठवते, घर सारवलं की ताईचा हात आठवतो. मी मन लावून, मीठ सोडून, उन्हातान्हात मांडवावर केळी उलटीपालटी करून ह्यांना जपलं आणि नाव एका डब्याचं झालं. आणि आता डब्यामागून माणूसही तुमच्याकडेच. इतका हेवा चांगला नाही हे मला कळतं, पण तो वाटायचा राहत नाही.

सिद्धेशने पहाटे रांगेत उभं राहून माझं तिकीट काढलं आहे, १२ मेचं. ह्यांना घ्यायला मी स्वतः येते आहे. ह्यांची बॅग भरून ठेवा. तुमच्याकडे पाणी प्यायलाही थांबेन की नाही ते मी अजून ठरवलेलं नाही.

लोभाचं तोंडदेखलं मी या वेळी लिहीत नाही.

विनया

---

धारणी
२६ एप्रिल १९९९

सौ. विनया हिस,

तुझं ताईला आलेलं पत्र तिने मला वाचायला दिलं. मला लिहायची सवय नाही हे तू जाणतेस, कार्डाच्या दोन ओळींवरून रागावली असशील. हे मात्र नीट वाच.

गोळी रोज चालू आहे. एकही दिवस चुकली नाही. ताई विचारत नव्हती, म्हणून मीच जास्त लक्ष ठेवलं. तू विचारतेस तेव्हा मला टाळाटाळ सुचते, इथे कोणी विचारणारं नव्हतं तर भीती वाटली.

दुसरं. इथे आल्यावर पहिल्याच रात्री ताईने भरली वांगी केली होती. एक घास घेतला आणि मला गिळवेना. खारट लागलं, विषासारखं. दोन वर्षांत जीभच बदलली आहे. ताईचा हिरमोड नको म्हणून दोन दिवस दही-भाकरी खाऊन काढले. तिसऱ्या दिवशी सांगितलं की मला अळणी लागतं. मला वाटलं होतं रागावेल, नाहीतर वेगळी चूल पेटवेल. तिने मांडणीखालचं लहान पातेलं पुढे ओढलं आणि त्यातली भाजी मला वाढली. गरम होती, अळणी होती. ती माझ्यासाठी केलेली नव्हती. मी अळणी मागेन हे तिला कुठे माहीत होतं?

मग मी लक्ष ठेवलं. भावोजींना आणि पाहुण्यांना मोठ्या पातेल्यातलं वाढते. सगळे उठले की ही मागाहून त्या लहान पातेल्यातलं खाते, एकटी, भिंतीकडे तोंड करून. भावोजींना माहीतच नाही. मी खनपटीला बसलो तेव्हा कबूल झाली. मागच्या साली त्या शिबिरात तिचंच प्रेशर जास्त निघालं होतं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या होत्या आणि डिंक नुसता जोडीला घ्या म्हणून सांगितलं होतं. हिने गोळ्या आणल्याच नाहीत. एकदा गोळी लागली की जन्माची लागते, घरात आजारी म्हणून बसवतील, असं तिचं म्हणणं. डिंकावरच निभावते आहे. तिला आतून माहीत असणार की ते पुरत नाही, म्हणून तर मीठ सोडलं. आणि तुला लिहिते की चिमूटभराने काही होत नाही.

माझं तपासायचं म्हणून तिला दवाखान्यात घेऊन गेलो. माझं एकशेचौतीस-शहाऐंशी. मग मी उठलो आणि तिला त्याच खुर्चीत बसवलं. एकशेनव्वद-एकशेदहा. डॉक्टर तिच्यापेक्षा माझ्यावर ओरडले. गोळ्या सुरू केल्या आहेत. आता मी समोर बसून ती गिळेपर्यंत उठत नाही. तुझ्यासारखंच विचारतो, घेतली का.

तिला मी एक गोष्ट सांगितली. माझी बायको माझ्याबरोबर दोन वर्षं अळणी जेवते, असं सांगितलं. तुला वाटत असेल मला कळत नाही. तू सिद्धेशच्या बरणीला हात लावत नाहीस हे मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. सालोमीच्या घरच्या लग्नातसुद्धा तू नुसता भात दह्याशी कालवून खाऊन उठलीस. मी बोललो नाही, कारण बोललो असतो तर तू भांडली असतीस आणि मग मीठ घ्यायला लागली असतीस. पारावर मी डिंकाचं बोललो ते खरं. डिंकाचं चारचौघांत बोलता येतं. हे कसं बोलायचं असतं ते मला येत नाही.

ते ऐकून ताईने माझ्याकडे कागद मागितला. तिने तुला काही लिहिलं आहे, याच पाकिटात घालते आहे.

प्रकृतीची काळजी करू नये. उन्हात मांडवावर डोक्याला फडकं बांधून जात जा.

प्रल्हाद

---

धारणी
२६ एप्रिल

विनया,

मायना लिहीत नाही, आशीर्वाद तुला आहेतच.

प्रल्हादने सगळं लिहिलं आहे, ते मला पुन्हा लिहायला लावू नकोस. गोळीचं तुला कळवलं नाही, कारण गोळी हा शब्द लिहायला घेतला की मला माझं आठवायचं.

तू लिहिलंस तुला माझा हेवा वाटतो. मी हसले नाही गं. तुझा मला माहेरावरून वाटायचा, तो जुनाच, त्याची सवय झाली होती. परवा भावाच्या तोंडून तुझ्या ताटाचं ऐकलं आणि जे आत पेटलं ते वेगळंच. तुझ्या भाजीचा नाही, सुकेळीचा नाही. कोणासाठी तरी कोणीतरी मीठ सोडतं, न सांगता, दोन दोन वर्षं, हे माझ्या भावाच्या नशिबात आहे. माझ्या घरातली माणसं वाईट नाहीत. आमचे हे तर साधे आहेत, मीठ कमी पडलं की ताट सरकवतात एवढंच. त्यांना मी सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी कोणी माझ्या पातेल्यातलं जेवलं असतं असं मला वाटलं नाही, म्हणून विचारायचं धाडस केलं नाही.

हे पंधरा-वीस दिवस दोन वेळा कोणीतरी समोर बसून माझ्याबरोबर तेच जेवतं आहे. भाजीला चव नसते माझ्या, तुझ्यासारखी येत नाही, तो तसं तोंडावर सांगतोसुद्धा. तरी मी पोटभर जेवते.

बारा तारखेला ये. बॅग भरून ठेवते. तुझा माणूस आहे, घेऊन जा. पाणी मात्र पी.

सुभद्राताई

---

आगाशी
४ मे १९९९

ती. सौ. सुभद्रावन्सं यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं आणि ह्यांचं पत्र एकदम मिळालं. ह्यांचं किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तुमचं एकदाच वाचलं, दुसऱ्यांदा वाचवेना.

आधी तुमच्यावर रागावून घेते. एकशेनव्वद म्हणजे काय थट्टा आहे का? मामंजी तुमचेही वडील होते. माझ्या नवऱ्याला वाचवायला डिंक निवडत बसलात आणि स्वतःच्या गोळ्या दुकानातच ठेवल्यात! डॉ. प्लासिडना मी तुमचं नाव न घेता विचारून आले. ते म्हणाले, डिंक हवा तर चालू ठेवा, पण गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही सोडायची नाही आणि डॉक्टर सांगतील तेव्हा तपासायचं. भावोजींना आजच्या आज सांगा. ताट सरकवलं तर सरकवू दे, भूक लागली की पुढे ओढतील. तुम्ही नाही सांगितलंत तर मी त्यांना डेपोच्या पत्त्यावर कार्ड टाकेन, आणि कार्ड सगळा डेपो वाचतो.

आता भाजीचं. मी हे कोणाला सांगितलेलं नाही, सालोमी दोन वर्षं विचारते आहे, तिलाही नाही. कांदा घालायच्या आधी लसूण आणि आलं एकत्र ठेचून तेलात चांगलं लाल होऊ द्या. कोकम शिजताना घालू नका, उतरवल्यावर घाला आणि झाकून ठेवा. वांग्याला कैरी, दुधीला लिंबू आणि मिरी. भाकरीच्या पिठात ओवा चुरून घाला. पहिले आठ दिवस जीभ बोंब मारेल, मग गप्प बसते. हे सगळं लिहून देताना माझा हात जड झाला. एवढं एकच माझ्याकडे होतं, जे तुमच्याकडे नव्हतं.

तिकीट मी परत केलं. सिद्धेश म्हणाला, आई, मग बाबा कधी येणार? म्हटलं, आत्याचं प्रेशर उतरलं की. तेव्हा ह्यांना ठेवून घ्या. डॉक्टर पुरे म्हणेपर्यंत ठेवा. जेवायला समोर बसवा, लवकर उठू देऊ नका, हे भराभर जेवून उठतात.

हेवा गेला म्हणून हे करते आहे असं समजू नका. काल रात्री मी एकटी जेवायला बसले. सिद्धेश बरणीतलं मीठ घेऊन जेवून गेला होता. समोर कोणी नव्हतं, मीठ घेतलं असतं तरी विचारणारं कोणी नव्हतं. मी तुमच्या दोघांच्या पाटांचा विचार करत होते आणि आतून जळत होते. अजून जळते आहे. त्याला माझा इलाज नाही.

पण आपल्याकडे शेजारणीचं उसनं भांडं रिकामं परत करत नाहीत. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी सालोमीच्या सासूचं पातेलं नुसतं घासून परत केलं होतं, तेव्हा तुम्ही माझ्यावर केवढ्या ओरडला होतात! माझा माणूस मी तुमच्याकडे उसना ठेवला आहे. तो एकटा परत आलेला मला चालणार नाही. तुम्ही बरोबर या, आणि दिवाळीपर्यंत राहा. ह्या वेळची भाऊबीज चंद्राला नको.

मी अळणीच्या पंगतीला तिसरा पाट मांडून ठेवते. तुमच्यावर लोभ करणं मला अजून फारसं जमत नाही, तरी तुम्ही माझ्यावर करावा.

तुमची,
विनया